फ्लॉसीबाय सर्व्हेला जाते

"तुमच्या बाळाला गोवराची लस न देण्याचे कारण काय?" फ्लॉसीबायने टॅबवरून शब्दन् शब्द वाचला. पदरचं काही घालायचं नाही, असं प्रशिक्षणात दोनदा बजावलं होतं.

विटांच्या थप्पीला टेकलेली कमळी हसली. "असं काय परक्यावानी इचारतेस, बाय? तुजीच वाट बगत होतो. पयल्या दोगांना तूच टोचलंस ना?"

"अगं, मी रिटायर होऊन दोन वर्षं झाली. नवी सिस्टर येते ना?"

"येते. चांगली हाय. पन ती तू नाय."

टॅबवर कारणं सात होती: भीती, अंतर, मजुरी बुडणे, घरच्यांचा विरोध, गैरसमज, माहिती नसणे आणि इतर. मुंबईच्या संशोधकांनी ती वर्षभर खपून काढली होती. कामण-चिंचोटीच्या वीटभट्ट्यांवर एकतीस वर्षं लशीचा डबा घेऊन हिंडलेली बाई हेच कारण असेल, हे त्यांना सुचलं नव्हतं. माणिकपूरला घरी बसल्यापासून ती बाई चर्चमधल्या मिस्साहून परतताना दुसऱ्यांच्या पोरांचे दंड लशीच्या वणासाठी न्याहाळत चालायची. हे पाप नव्हे, असा फादरांचा निर्वाळा होता.

"पोर किती महिन्यांची?"

"धा सरले. रविवारपास्नं भट्टी बंद. मंग आमी गावाला."

आज बुधवार, लसीकरणाचा दिवस. उपकेंद्र दोनला बंद होणार आणि दीड वाजला होता. फ्लॉसीबायने सर्व्हेचं काम बघणाऱ्या स्वप्नाला फोन लावून पोरीला उपकेंद्रात नेते म्हणून सांगितलं.

"आंटी, प्लीज. आपण फक्त नोंद घेतोय. तुम्ही स्वतः नेलंत तर ते घर अभ्यासातून बाद होईल."

"बाद झालेल्या पोरीला गोवर होत नाही ना?"

स्वप्ना मनाने वाईट नव्हती. "रिक्षा मिळेल का तिथे?" तिने विचारलं.

रिक्षा मिळाली. उपकेंद्रात नवी सिस्टर लविना डबा आवरतच होती. पोरीला पाहून तिने तो पुन्हा उघडला. फ्लॉसीबायचा हात सवयीने पुढे गेला आणि रिटायर झाल्याचं आठवून मागे आला.

"तू धर तिला," कमळी म्हणाली. "तुज्याच हातात ऱ्हाऊ दे म्हनते मी."

लविनाचा हात हलका होता. सुई टोचली तशी पोर किंचाळली, लविनाकडे रागाने बघून फ्लॉसीबायच्या मानेत तोंड खुपसून घट्ट बिलगली. एकतीस वर्षांत शेकडो पोरं तिला पाहून आईला बिलगली होती. तिला कोणी बिलगलं नव्हतं. आता हात कुठे ठेवावा, हे तिला चटकन कळेना. मग तिने तो पोरीच्या पाठीवर ठेवला.

"अर्धा तास बसायचं हं आंटी," लविना म्हणाली. "तुम्हाला मी काय सांगणार!"

फ्लॉसीबाय बाकावर बसली. पोर हुंदके देत देत झोपली. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास उलटला, वर पाच मिनिटं झाली. लविनाने खिडक्या लावल्या. कमळी उठली आणि पोरीसाठी तिने हात पुढे केले.

"थांब गं जरा," फ्लॉसीबाय म्हणाली, "ते घड्याळ पुढे आहे."