थोमाचं बोट

"बाई, द्या की हो आता! तिकडं बाळंतीण पांढरीफटक पडलीय आणि तुम्ही लेबलं वाचत बसलाय?"

रक्तपेढीच्या काउंटरवर ऑपरेशन थिएटरची सिस्टर उभी होती. एका हातात रक्त न्यायची पेटी, दुसरा हात पुढे केलेला. आत तंत्रज्ञ बाई पिशवी उजेडाकडे धरून नंबर वाचत होती. तिसऱ्यांदा.

नियमानं दोनदा वाचायचं असतं. एकदा आपलं आपण, एकदा न्यायला आलेल्या माणसाला ऐकवून. दोन्ही झालं होतं. बाळंतिणीचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवूनही पाहिलं होतं. ट्यूब हलवल्यावर तळाची लाल टिकली धुरासारखी अलगद सुटून आली होती, एकही गुठळी नव्हती, म्हणजे रक्त जुळलं होतं. नियमाचं तपासणं संपलं होतं. आता चाललं होतं ते भीतीचं.

"एक मिनिट," ती म्हणाली.

"तुमचं मिनिट ठाऊक आहे आम्हाला. 'परतबघू बाई' काय उगाच म्हणतात?"

नाव पडलं होतं खरं. नऊ वर्षांपूर्वी तिनं एकाच आडनावाच्या दोन नमुन्यांवरच्या लेबलांची अदलाबदल केली होती. रक्त बाहेर जायच्या आधीच वरिष्ठांच्या ते लक्षात आलं. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पण त्या दिवशी एक वाक्य तिच्या डोक्यात शिरलं. तुझ्या हातून कोणीतरी जाणार. ते पुन्हा बाहेर पडलंच नाही. घरी गॅसचं बटण, दाराचं कुलूप, मुलीला ताप आला की थर्मामीटरवरचा आकडा, सगळं तीनतीनदा.

बायबलकडे ती वळली तीही घाबरूनच. वचनं पाठ केली. विचार आला की वचन म्हणायची, एखादा शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभरात वचनांचंही गॅसचं बटण होऊन बसलं.

"पुटपुटू नकोस गं," सासूबाई एकदा वैतागल्या. "तो काय मंत्र आहे? मला आता अक्षर दिसत नाही, मला वाचून दाखव. गोष्ट म्हणून वाच."

तेव्हापासून रोज सकाळी, ड्यूटीला निघण्याआधी, दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत. आज येशूच्या शिष्याची, थोमाची गोष्ट आली होती. प्रभू मेलेल्यांतून उठला हे त्याला पटेना. खिळ्यांच्या जखमांत बोट घालून पाहिल्याशिवाय मानणार नाही, म्हणाला. ही गोष्ट तिला नेहमी टोचायची. कुणीतरी आपल्याबद्दलची तक्रारच लिहून ठेवल्यासारखी.

"मग घातलं का बोट त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

"घातलं ना." ती पानावर वाकली. दोन ओळी मागे गेली, पुन्हा पुढे आली. "थांबा हं, आई. प्रभू म्हणतो, आण बोट इकडे. आणि थोमा लगेच त्याला आपला देव म्हणून मोकळा होतो. बोट घातल्याचं इथं लिहिलेलंच नाही."

"अगंबाई! आणि मी जन्मभर घातलं म्हणूनच धरून चालले. म्हणजे हट्ट बोटाचा, आणि भागलं नुसतं बघण्यावर!"

"प्रभू त्याच्यावर चिडलाही नाही हो."

"चिडेल कशाला? दाखवायलाच तर आला होता. ऊठ, उशीर होईल तुला."

"बाई!" सिस्टरचा आवाज चिरकला. "बीपी पडतंय हो तिचं!"

पिशवी तिच्या हातात आपोआप पुन्हा वर जात होती. चौथ्यांदा. डोक्यातलं वाक्य तयारच होतं. आणि नेमका आजच आकडा चुकला असेल तर?

तिनं त्याला उत्तर दिलं नाही. नऊ वर्षं उत्तरं देऊन देऊनच तर ते पोसलं होतं. नाव, गट, नंबर, ट्यूब. जे बघायला मागितलं ते सगळं दाखवून झालं होतं. आता फक्त बोट घालायचं राहिलं होतं.

'प्रभू, मी पाहिलंय,' ती मनात म्हणाली आणि पिशवी पेटीत ठेवली.

सिस्टर धावत सुटली.

न जुळणारं रक्त असेल तर बहुतेक वेळा पहिल्या पंधरा मिनिटांतच कळतं. अंगात थंडी भरते, कंबर दुखायला लागते, श्वास लागतो. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून तिनं घड्याळाकडे पाहिलं. ट्यूब अजून स्टँडमध्येच होती, हात लांब केला की मिळेल अशी. फोनही तिथंच. तिनं दोन्ही तळवे ओट्यावर पालथे टेकले. प्रार्थना धड जमेना. प्रभू, ती बाळंतीण तुझी आहे, एवढंच पुन्हा पुन्हा येत राहिलं.

अकराव्या मिनिटाला फोन वाजला.

"रक्तपेढी? आणखी एक लागणार. येतेच मी."

पहिलीचं काय, हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला. "तयारीला लागते," ती म्हणाली.

दुसरी पिशवी जुळवून होते न होते तोच सिस्टर धापा टाकत काउंटरवर आली. तिच्या बाहीवर रक्त होतं. "पहिली जवळजवळ संपत आली. ओठांवर जरा रंग दिसतोय."

बाईनं आधी स्वतः नंबर वाचला, मग एकेक आकडा सुटा करून मोठ्यानं ऐकवला. सिस्टर कागदावर बोट ठेवून मान हलवत गेली. शेवटी तीच अडखळली.

"परत एकदा बघता का, बाई? माझंच डोकं ठिकाणावर नाही."

"मी वाचलंय, तुम्ही ऐकलंय. जा."

पावलांचा आवाज जिन्यावर विरला. वाक्य डोक्यात होतंच. कोपऱ्यात बसून कुरकुरत होतं. तिनं ओट्याखालचं स्टूल पायानं ओढलं आणि ती बसली. मागच्या खिडकीच्या वरच्या काचा दुधी होत्या. बसल्यावर खालच्या साध्या काचेतून पलीकडच्या इमारतीची गच्ची दिसली. या खोलीत तिनं नऊ वर्षं काढली होती, पण ती गच्ची उभ्यानं कधी दिसली नव्हती. तिथं कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. एक चादर वाऱ्यानं दोरीला गुंडाळली गेली होती. ती सुटेपर्यंत बाई बघत बसली.