करडी बॉर्डर

शिवकांताला आपल्या कामात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल, तर विंडोच्या बॉर्डरचं. लातूरला श्रीनाथ सरांच्या क्लासेसमध्ये कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची. २००५ साली सरांनी मनावर घेतलं, की सराव परीक्षा आता कागदावर नको, कॉम्प्युटरवर घ्यायची. प्रोग्रॅम अर्थातच तिनं लिहिला. पडद्यावर दोन विंडो: डावीकडे प्रश्न, त्याचे चार पर्याय आणि बरोबर पर्यायाचा आकडा लिहायचा रकाना, उजवीकडे कच्चं काम करायला कोरी जागा. ज्या विंडोत आपण काम करत असू तिला कॉम्प्युटर आपणहून जाड निळी बॉर्डर देतो, ती शिवकांताला लग्नाच्या मंडपासारखी भडक वाटायची. तिनं ती काढून टाकली आणि दोन्ही विंडोंना केसाएवढी करडी रेघ दिली. ती रेघ नेमकी किती करडी असावी यावर बाईनं चांगले चार दिवस घालवले. कामं काही कमी नव्हती, पण हौसेला मोल नसतं.

परीक्षा झाली. निकाल चुटकीसरशी लागला आणि सर भलतेच खूश झाले. पहिल्या बॅचमध्ये लातूरजवळच्या मुरुडची अंजू नावाची मुलगी होती, फिजिक्समध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या नावापुढे मशीननं छापलं, ‘पन्नासपैकी एकोणीस प्रश्न सोडले’. क्लासमध्ये बॅच गुणांप्रमाणे लागायची; अंजू पहिल्या बॅचमधून थेट पाचव्या बॅचमध्ये गेली. लातुरात पाचवी बॅच म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. संध्याकाळच्या आत खानावळीच्या मावशीसुद्धा पोळी वाढताना जरा वेगळ्या नजरेनं बघतात.

दुसऱ्या दिवशी अंजू लॅबच्या दारात येऊन उभी राहिली.

“मॅडम, मी एक बी प्रश्न सोडला न्हाई. समद्यांची उत्तरं लिवली हुती.”

शिवकांतानं निकालाचा कागद पुन्हा पाहिला. “अगं, मशीन कशाला खोटं सांगेल? घाईघाईत राहून गेलं असेल.”

अंजूनं मान खाली घातली आणि गेली. चौथ्या दिवशी तिचे वडील येऊन तिची ट्रंक आणि गादी घेऊन गेले. गावातच राहून शिकेल, म्हणाले.

तिचं ते वाक्य मात्र शिवकांताच्या डोक्यातून जाईना. सोमवारी नवी परीक्षा लावायची, म्हणून सरांनी सगळ्या मशीनवरच्या जुन्या फायली पुसायला सांगितल्या होत्या. शनिवारी दुपारी ती त्या कामाला बसली, ती आधी अंजूच्याच मशीनवर. पुसण्याआधी तिनं मुलीचं कच्चं काम उघडून पाहिलं. नीट, पायरीपायरीनं मांडलेली गणितं होती. प्रत्येक गणिताखाली एकच सुटा आकडा होता. तीन. एक. चार. दोन. शिवकांतानं बरोबर उत्तरांची यादी शेजारी ठेवली. एकोणीसच्या एकोणीस उत्तरं बरोबर होती.

झालं काय होतं, ते तिला लगेच कळलं. गणित करून झाल्यावर परत डाव्या विंडोत क्लिक करायचं असतं. पण आपण कुठल्या विंडोत आहोत हे सांगणारी खूणच नव्हती, दोन्हींकडे तीच गोड करडी रेघ. गावाकडची पोरं कीबोर्डात मान घालून एकेक आकडा शोधणार. उत्तर कच्च्या कामात पडलं, अंजूनं ‘पुढे’चं बटण दाबलं आणि मशीन म्हणालं, सोडलं. ज्यांनी ठोकून उत्तरं दिली ती पोरं सुटली. जिनं इमानानं गणित केलं ती बुडाली.

शिवकांता किल्लारीजवळची. भूकंप झाला तेव्हा बारा वर्षांची होती. घर गेल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला मिळालं, आणि त्या रांगेतली सगळी शेड एकसारखी. शाळेतून येऊन ती दप्तर टेकवायची, माठातलं पाणी प्यायची, आणि मग लक्षात यायचं की हे घर शेजारच्या नीलम्माचं आहे. असं तीनदा झालं, तेव्हा वडिलांनी दाराच्या चहूबाजूंनी गेरूचा वीतभर रुंद पट्टा ओढला. त्यानंतर ती चुकली नाही. हे स्वतःच्या पायांनी शिकलेली पोरगी मोठी होऊन दुसऱ्याच्या पोरांना एकसारखी दारं करून देते, याची तिला फार लाज वाटली.

तिनं त्याच बैठकीत बॉर्डर बदलली. काम चालू असेल त्या विंडोला जाड निळी, दुसरीला फिकट. मंडप तर मंडप. मग ती सरांकडे गेली आणि चूक माझी आहे म्हणाली.

श्रीनाथ सर तसे वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. “तिला पहिल्या बॅचला परत घेऊ. पण गाजावाजा नको, शिवकांता. क्लासचं नाव आहे.”

रविवारी सकाळी कच्च्या कामाची प्रिंट पिशवीत घालून ती एसटीनं मुरुडला गेली. अंजूचे वडील नागप्पा दुकानात बसले होते. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चूक मशीनची असं म्हणता आलं असतं, पण ती ‘माझी’च म्हणाली. नागप्पांनी तिच्या हातातला कागद घेतला.

“आठ दिस झालं, पोरगी एकच सांगून राहिली,” ते म्हणाले. “‘अप्पा, म्या लिवलं हुतं.’ म्या म्हणलं, ‘मशीन कशाला खोटं बोलंल?’ माझी पोरगी कदी खोटं बोलली न्हाई, मॅडम. आन् म्या मशीनवर इस्वास ठिवला.”

त्यांचे डोळे भरून आले. शिवकांताला त्यांच्याकडे बघवेना, कारण मुलीला तेच वाक्य आधी तिनं ऐकवलं होतं.

अंजू आतल्या दारातून सगळं ऐकत होती. ती पुढे आली. तिनं कागद वडिलांच्या हातातून घेतला आणि एकोणीसही आकडे बोटानं मोजले. रडेल, रागावेल, असं शिवकांताला वाटलं होतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “बाकीच्यांचं बघितलं का?”

लॅबमध्ये चाळीस मशीन होती. त्या परीक्षेनंतर अंजूबरोबर आणखी सहा पोरं खाली गेली होती आणि त्यांच्यातलं कोणी दारात येऊन उभं राहिलं नव्हतं.

“न्हाई,” शिवकांता म्हणाली. “फायली अजून आहेत, पण उद्या परीक्षेआधी पुसायच्यात.”

“मग उद्याच्या आत बघाया पायजे,” अंजू म्हणाली आणि ट्रंक भरायला आत गेली.