चुक्याचं येळवणी

नवऱ्याच्या, धर्मपालच्या पायावरची जाळी मीनाबाई रोज सकाळी बोटांनी मोजायची. घोट्यापासून निघालेल्या जांभळ्या रेषा काल कुठवर होत्या आणि आज कुठवर आल्या, एवढंच बघायचं. गेल्या पंधरा दिवसांत त्या पोटरीवर चढल्या होत्या. मधे मधे हरभऱ्याएवढ्या टणक गाठी उठल्या होत्या आणि डाव्या अंगठ्याचं टोक काळं पडायला लागलं होतं. गाठीला पायजम्याचा काठ लागला तरी तो दात आवळायचा. तीस वर्षं महापालिकेत पाण्याची चावी फिरवलेला हा माणूस उगाच कण्हणाऱ्यांपैकी नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या किडन्यांनी काम सोडलं होतं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसचं मशीन, आणि दिवसाला प्यायला एक लिटर पाणी. ज्यानं गल्ल्यागल्ल्यांत पाणी सोडलं, त्याच्या उशाशी आता मोजून भरलेली एक बाटली असायची. गंमत म्हणजे ती बाटलीही त्याला सरत नव्हती. संध्याकाळी दोन वाट्या पाणी तळाशी उरलेलं असायचं, आणि त्याची तहानच मेली असं समजून मीनाबाई ते कढीपत्त्याच्या डब्यात ओतायची.

लेक साक्षी आपली एक किडनी द्यायला तयार होती. तपासण्या जुळत आल्या होत्या, आणि तेवढ्यात ही कातडी बिघडली. दोन महिने मलमं चोळून झाली. एकानं खरूज सांगितली, दुसऱ्यानं उष्णता. शेवटी किडनीच्या डॉक्टर सना मॅडमनी गाठीतला तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट आज मिळणार होता. सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात तिघं दीड तास बसली, पण मीनाबाईनं पदराचं टोक काही सोडलं नाही.

"काका, ही खरूज नाही," सना मॅडम रिपोर्ट वाचून म्हणाल्या. "मुतखडे बहुतेक ज्याचे होतात ना, ते ऑक्झलेट. ते लघवीतून बाहेर जायला हवं. तुमच्या किडन्या टाकत नाहीत आणि मशीनलाही ते सगळं ओढता येत नाही. साठून साठून त्याचे कण कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत बसलेत. रक्त पुढं सरकत नाही, म्हणून ही जाळी, म्हणून अंगठा काळा."

"अंगठा वाचंल का?" धर्मपालनं विचारलं.

"नवी भर थांबली तर प्रयत्न करता येईल. पण इतकं साठलं कसं, ते मला कळायला हवं. पालक, चुका, राजगिरा यांतून ते पोटात जातं. खाण्यातून येत नसेल, तर हा आजार घराण्यातूनच आला असण्याची शंका येते. तसं निघालं तर साक्षीची किडनी घेता येणार नाही. आधी तिलाच तपासावं लागेल. आणि काकांना नवी किडनी बसवली तरी तीही अशीच भरून जाईल." मग त्या मीनाबाईकडे वळल्या. "मावशी, पालेभाजी उकडून पाणी काढता ना?"

"व्हय. सगळं काढते की."

"मॅडम, आई अगदी पथ्याच्या कागदाबरहुकूम करते," साक्षी कौतुकानं म्हणाली.

"मग खाण्याचा प्रश्न मिटला. साक्षीचं रक्त पुण्याला पाठवू. ऑपरेशनचं तूर्त विसरा." सना मॅडम लिहायला लागल्या.

मीनाबाई खोटं बोलली नव्हती. पाणी ती काढतच होती. पण टाकत नव्हती. कागदावर टाकायला सांगितलंय हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या घरात भांडी विसळलेलं पाणीसुद्धा झाडाला जातं, आणि येळवणी तर खायची वस्तू. भाजी वेळून घेतलेल्या त्या हिरव्या पाण्याला लसणाची फोडणी दिली की झाली आमटी. दुष्काळात तिच्या आईनं चार लेकरं त्यावर जगवली होती. सगळं सत्त्व पाण्यात असतं, चोथा खाऊन कुणाच्या अंगात रक्त भरलंय? म्हणून रोज दुपारी ती धर्मपालला वाटीभर येळवणी द्यायची. पायावर जाळी दिसली तेव्हा रक्त नासलं असं वाटून तिनं चुक्याची जुडी वाढवली आणि एका वाटीच्या दोन केल्या.

आता तोंड उघडलं तर लेकीसमोर, नवऱ्यासमोर काय राहणार होतं? गप्प बसावं, उद्यापासून सगळं ओतून द्यावं, कुणाला कळणार आहे? तिनं हळूच साक्षीकडे पाहिलं. साक्षीनं सलवार जरा वर घेतली होती आणि ती स्वतःचा घोटा निरखून बघत होती.

"मॅडम, लिवू नगा," मीनाबाई म्हणाली. "मी पानी काढते, पर टाकत न्हाय. त्येची आमटी करून ह्यास्नी पाजते. चुक्याची आन् पालकाची. रोज दोन वाट्या."

सना मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानं तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "फक्त त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण बरं झालं सांगितलंत. आजपासून बंद. मशीन आठवड्यातून चारदा करू. साक्षीची तपासणी करूच, पण ऑपरेशनची आशा आत्ताच सोडायला नको."

रिक्षात साक्षी एकच वाक्य बोलली. "आई, तो कागद मीच वाचून दाखवला होता तुला."

"व्हय, दाखवला हुतास," मीनाबाई म्हणाली.

घरी सकाळचं येळवणी झाकून ठेवलेलं होतं. ते तिनं मोरीत ओतलं. मग ती धर्मपालच्या पायाशी येऊन बसली.

"तुमाला आवडायचं तरी का वो ते?"

"न्हाय. दात आंबायचे."

"मग नगं का म्हनला न्हाईसा?"

"तू समोर बसायचीस की, वाटी रिकामी हुईपतुर." तो उशाजवळच्या बाटलीकडे बघत म्हणाला. "मशीनवरल्या नर्सबाईनं बजावलं हुतं, आमटी बी त्या लिटरातच धरायची. तुझ्या दोन वाट्या बसाव्यात म्हनून रोज दुपारपास्नं मी पानी बंद ठिवायचो. लई तहान लागायची."

मीनाबाई उठली, तीच वाटी घासून आणली आणि बाटलीतलं पाणी तिच्यात ओतून त्याच्या हातात दिली. त्यानं ती एका दमात संपवली आणि पुन्हा पुढं केली.