दोआ, कातेन, ताओरु

मुलगी बघायला आलेले पाहुणे उंबऱ्यातच थबकले. मुलाची आई रत्नम्मा दाराकडे बोट दाखवत म्हणाली, "गुरप्पा, हे काय चिकटवलंय? भानामती-बिनामती तर न्हाई की घरात?"

दारावर एक चिठ्ठी होती, परक्या अक्षरांची. तशीच पडद्यावर, टॉवेलवर, पाण्याच्या पेल्यावर. "पाहुणे यायच्या आत समदं काढ," असं गुरप्पाने सकाळीच लेकीला बजावलं होतं. भुवनेश्वरीने एकही काढली नव्हती.

"पोरीचा खेळ हाय," गुरप्पा ओशाळून हसला.

"खेळ नाही, आप्पा." भुवनेश्वरी चहा घेऊन पुढे आली. "जपानी आहे, मावशी. दोआ म्हणजे दार. कातेन म्हणजे पडदा. ताओरु म्हणजे टॉवेल."

"हे तर इंग्रजीच की, बोबडं!" रत्नम्मा म्हणाली.

"त्यांनी उसनं घेतलं, आपणही घेतलं. टॉवेल सोलापुरात विणतो, पण शब्द कुठं आपला?"

"बरं, पण हे शिकायचं कशापायी?"

"माझं नर्सिंग झालंय. तिकडे म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला मुली हव्यात. मंगळवारी सात रस्त्याला मुलाखत आहे."

रत्नम्माने कप खाली ठेवला. "परक्या म्हाताऱ्यांचं करायला जपान! आन् घरात सासू-सासरे असतील, त्यांचं?"

"काम दोन्हीकडे तेच, मावशी. तिकडे त्याला काम म्हणतात."

पोहे तसेच राहिले. पाहुण्यांची गाडी अक्कलकोटच्या रस्त्याला लागली, तसा गुरप्पा उठला.

"झालं समाधान? मंगळवारी कुटं जायचं न्हाई." त्याने दारावरची चिठ्ठी ओरबाडली.

"दोआ," भुवनेश्वरी म्हणाली. आवाज चढला नाही.

त्याने पडद्यावरची ओढली.

"कातेन."

टॉवेलवरची.

"ताओरु."

आप्पा फाडतोय की परीक्षा घेतोय, कळेना. त्यालाही ते जाणवलं असावं. तो जास्तच चिडला आणि स्वयंपाकघराकडे वळला. तिथे भुवनेश्वरीची आई चंद्रव्वा उभी होती. पेला तिने पोटाशी धरला होता, चिठ्ठीवर अंगठा दाबून.

"आण हिकडं," गुरप्पा म्हणाला.

"कोप्पु," चंद्रव्वा म्हणाली. "ही ऱ्हाऊ द्या. पोरीचं पाठ झालंय. माझं व्हायचंय अजून."