तिसऱ्या पक्षाचा जबाब

"म्हणजे तुला असं वाटतंय, की मी ओला टॉवेल पलंगावर टाकतो तेव्हा तुझ्या कष्टांची मला किंमत नसते," हे म्हणाले.

शिलाई मशीनवरचा माझा पाय थांबला. अडतीस वर्षांच्या संसारात टॉवेलच्या विषयावर यांनी दोनच उत्तरं दिली होती. एक "हं" आणि दुसरं "बघू". आज माझंच बोलणं धुऊन, इस्त्री करून मला परत मिळत होतं. वर टॉवेल उचलून दोरीवरही टाकला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

तसं दाखवायला एक कारण होतं. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर यांनी वर्षभर घरातले सगळे नळ आणि बिजागऱ्या उघडून परत बसवल्या. मग टपालाने शिकायचा एक कोर्स घेतला, मध्यस्थीचा. भांडणाऱ्या दोन माणसांना कोर्टात न जाऊ देता समोरासमोर कसं बसवायचं, त्याचं शिक्षण. महिन्याला एक जाड पाकीट यायचं. त्यात पुस्तिका, आणि लिहून परत पाठवायचे स्वाध्याय. या वयात हे कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाले, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आधी भांडतात आणि मग बोलायला लागतात, आयुष्यभर ते बाहेरून ऐकलं, आता शिकून घेतो.

उत्तर फार छान होतं. यांना इतकी छान उत्तरं देता येत नाहीत. म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसला नाही.

मग मंगळवार सुरू झाले. दर मंगळवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट बसवून हे निघायचे. कुठे, तर अभ्यास केंद्रावर. मी पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. सगळं शिक्षण घरबसल्या, केंद्र कुठेही नाही, असं तिथे स्वच्छ छापलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी घरीच लोकांचे कपडे उसवून, आखडून, सैल करून देते. खिसा दिसला की माझा हात आपोआप आत जातो, मग तो गिऱ्हाइकाचा असो की नवऱ्याचा. पण मंगळवारच्या शर्टाचा खिसा रिकामा असायचा. ज्या माणसाच्या खिशातून इतकी वर्षं स्क्रू आणि वायसर निघाले, त्याच्या खिशात काहीच नसावं, हे मला जास्त खटकलं.

एका मंगळवारी हे गेल्यावर मी यांची वही उघडली. दुसऱ्याची वही उघडू नये हे मला कळतं. तरी उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'पक्ष ब. स्त्री. स्वतंत्र भेट चौथी. बागेतला बाक. अर्धा तास गप्प, मग रडली. घरी कळू देऊ नका म्हणाली. शब्द दिला.'

मी वही होती तशी ठेवली आणि कामाला बसले. त्या दुपारी एका भल्या माणसाच्या पँटचे दोन पाय मी दोन वेगवेगळ्या लांबीचे कापले.

अशा वेळी बाईने लेकीशी बोलावं. पण आमची लेक घरातून निघून जाऊन तीन वर्षं झाली होती. नवऱ्याचं घर सोडून ती बॅग घेऊन आमच्याकडे आली होती. मी तिला पाणीसुद्धा न देता सांगितलं, दोन दिवस राहा आणि परत जा, संसार असाच असतो. ती दोन दिवसही राहिली नाही आणि परतही गेली नाही. कुठेशी खोली घेतलीय, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, एवढंच तिसऱ्याकडून कानावर आलं. मी फोन केला नाही. तिनेही केला नाही. हा हट्ट तिने कुणाचा उचलला, ते मला ठाऊक आहे.

पुढच्या मंगळवारी परत आल्यावर यांनी शर्ट बदलून खुंटीला लावला आणि हे बाहेर कुणाशी तरी बोलत उभे राहिले. माझा हात खिशात गेला. आत एक बटण होतं. निळं, मोठं, चार भोकांचं, बाईच्या कोटाचं. चला, पुरावा मिळाला, असं म्हणून मी ते खिडकीपाशी नेलं. भोकांत दोऱ्याचा तुकडा अडकला होता. दुहेरी, मेण लावलेला, आणि टाके फुलीचे नव्हते, चौकोनी होते. कोटाची बटणं अशी मीच लावते. लेकीला पहिली नोकरी लागली तेव्हा यांच्या गणवेशाच्या जाड निळ्या कापडातून मी तिला कोट शिवला होता.

मी वहीची आधीची पानं उलटली. 'पक्ष अ. स्त्री. वय एकसष्ट. हट्टी.' हट्टी खोडून वर 'ठाम' केलं होतं. खाली लिहिलं होतं, 'बोलते टॉवेलबद्दल. मूळ दुखणं टॉवेल नाही.'

हे आत आले तेव्हा बटण माझ्या तळहातावर होतं.

"कशी आहे ती?" मी विचारलं.

"ते मला सांगता येत नाही. तिचं बोलणं तुला आणि तुझं तिला सांगायचं नाही, असा नियम आहे."

"तुम्ही तिचे बाप आहात की कोण आहात?"

यांनी बटणाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "एकच गोष्ट सांगायची तिने परवानगी दिलीय. कोटाचं बटण तुटलंय, एवढीच. तू खिसे बघतेस, म्हणून खिशात ठेवलं."

मी रडले. नवऱ्यावर घेतलेल्या संशयाची लाज वाटली, आणि लेक बागेत बसून रडते आणि मी घरात टॉवेलवरून भांडते, याची त्याहून जास्त.

त्याच आठवड्यात यांचा स्वाध्याय तपासून परत आला. पाकीट मीच फोडलं, सवय जात नाही. यांनी सगळीकडे पक्ष अ, पक्ष ब लिहिलं होतं, पण एका ओळीत चुकून 'आमची लेक' असं पडलं होतं. मास्तरांनी त्याभोवती लाल गोल केला होता. खाली लिहिलं होतं: 'नापास. घरच्या वादात घरचा माणूस मध्यस्थ होऊ शकत नाही. वाद झाला तेव्हा आपण कुठे होतात? तिसऱ्या पक्षाचा जबाब यात नाही.'

यांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून ठेवला. मी सगळ्यांचे खिसे तपासले, पण हा एक प्रश्न मला तीन वर्षांत सुचला नव्हता. हे त्या दिवशी त्याच खोलीत होते. स्टुलावर बसून टेबलफॅन उघडत होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

मंगळवारी हे बाहेर गेले नाहीत. पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे तीन खुर्च्या मांडल्या, दोन समोरासमोर आणि मध्यस्थाची मधोमध. थोडा वेळ बघितलं, मग मधली उचलून बाजूला, आम्हा दोघींच्या खुर्च्यांसारखीच पक्षाची म्हणून मांडली. चार वाजता, यांनी बोलावल्यावरून, लेक आली. वाळली होती. कोटाच्या वरच्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती. मी आधी पाणी आणून दिलं.

हे कागद न घेताच बोलायला लागले. "त्या दिवशी मी पंखा दुरुस्त करत होतो," असं म्हणून यांनी हातांकडे बघितलं. "तो बिघडलेला नव्हता."

लेक यांच्याकडे बघतच राहिली. माझं चुकलं, एवढे दोन शब्द मला बोलायचे होते. पण मी म्हटलं, "कोट दे."

तिने कोट काढून दिला. मी दोऱ्याला मेण लावलं, बटण लावलं, चौकोनी टाके घातले, गाठ मारून दोरा तोडला आणि कोट तिच्यापुढे धरला. आता ती तो घालणार आणि जाणार, हे मला दिसत होतं. तिने कोट घेतला नाही.

"खालचंही सैल आहे, आई," ती म्हणाली.

मी खालचं बटण ओढून बघितलं. पक्कं होतं. मी कात्री घेतली, ते कापून काढलं आणि सुईत नवा दोरा ओवायला बसले.