कडी मिटलेला शनी

काचबिंदूने शफीभाईंची नजर गेली, तेव्हापासून वडाळा रोडवरच्या त्यांच्या गच्चीतली दुर्बीण चादरीखाली झाकलेली होती. पोस्टातून निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. मोहल्ल्यातल्या कितीतरी जणांना त्यांनी तिच्यातून शनी दाखवला होता. त्यांची बायको सितारा मात्र कधी वर आली नव्हती. संध्याकाळी तिचा स्वयंपाक असायचा.

नोव्हेंबरात शेजारच्या मीनाताई जुन्या सवयीने सहज म्हणाल्या, "भाई, पाहुणे आलेत, त्यांना शनी दाखवता?" शफीभाई नुसते हसले. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर मगरिबची नमाज होताच सितारा म्हणाली, "चला वर. तुम्ही सांगा, मी दुर्बीण फिरवते."

"आग्नेयेला, बराच वर बघ. पिवळसर, न लुकलुकणारा."

बऱ्याच खटपटीनंतर तो सापडला, आणि लगेच निसटला.

"पळाला!"

"तो नाही पळत, पृथ्वी फिरते. हलक्या हाताने मागोमाग ने."

अखेर तिच्या हाताला ती गती जमली.

"काय दिसतं?"

"पिवळा मणी. त्यात जरीची तार ओवल्यासारखी." सिताराचं माहेर येवल्याचं, घरात हातमाग होता.

"तार नाही गं, कडी! हॅटच्या काठासारखी, भोवताली."

"कडी नाहीत."

"नीट बघ. फोकस बिघडलाय तुझा."

"तुम्हाला दिसत नाही म्हणून मी काहीही सांगेन का?"

 शफीभाई चाचपडत टाकीच्या कठड्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, "तार अगदी सरळ आहे? दोन्हीकडे सारखी?"

"हो."

"मग बरोबर आहे तुझं. कडी आपल्याकडे कड करून उभी आहेत, म्हणून नुसती रेघ दिसते. चौदा-पंधरा वर्षांनी होतं असं. यंदा होणार हे ठाऊक होतं मला, विसरलो." मग हळूच म्हणाले, "मागच्या वेळी माझ्याकडे दुर्बीण नव्हती."

"म्हणजे तुम्ही हे बघितलंच नाही?"

"कधीच नाही. सांग ना अजून."

सिताराने पुन्हा डोळा लावला. आता ती घाई न करता सांगू लागली: मण्याचा रंग तुपासारखा, तार दोन्ही टोकांना विरत गेलेली, बाजूला एक बारीक ठिपका.

"तो टायटन. शनीचा चंद्र," शफीभाई म्हणाले, आणि त्यांनी नकळत मान वर केली.

मान अवघडेपर्यंत ती सांगत राहिली. खाली भाजी गार झाली.

त्या आठवड्यात दोघं रोज वर गेली. एका संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, तरी थोडा वेळ बसून आली.