दोन बोटं सैल

चौदा वर्षं झाली, लढाऊ विमानं उडवणाऱ्यांना मी जी-सूट चढवतेय. कमरेपासून घोट्यापर्यंतची ही जाड विजार. विमान झपकन वळलं की तिच्यात हवा भरते आणि पोट, पाय आवळले जातात. नाहीतर रक्त पायांत उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस तिथे वरच बेशुद्ध पडतो. ज्याच्या त्याच्या मापाने बाजूच्या नाड्या आवळायचं काम माझं. दोन बोटांहून जास्त फरक पडला की वहीत लिहायचं आणि डॉक्टरीणबाईंना कळवायचं.

सगळे मला मावशी म्हणतात. म्हणायला काय जातं! नाडी आवळून झाली की चालू लागतात. थांबायचा तो एकटा ढोल्या. मांड्या भरलेल्या, म्हणून नाव मीच ठेवलं होतं. माझा नवरा गेल्यापासून कामाशिवाय माझ्याशी बोलणारा हा एकच. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चहा ढोसायचा आणि वर नावं ठेवायचा, "मावशी, चहा आहे की सूट धुतलेलं पाणी?"

मग त्याची आई गेली आणि तो वाळायला लागला.

"एकट्याला घास उतरत नाही गं," म्हणाला. "थोडं आवळ. पण लिहू नकोस, मला उडू देणार नाहीत."

मी आवळलं. पुढच्या महिन्यात पुन्हा आवळलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काय उगाच? आणि खरं सांगायचं तर भीती माझीच होती. लिहिलं तर तो खुर्चीत बसायचा बंद होईल, ही.

तिसऱ्यांदा नाडी ओढली, तर दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या. आवळायला जागाच उरली नव्हती.

"सूट मी आवळीन रे. पण वर विमान वळताना रक्त अडवायला जोर लावायचा तो तुझ्या पायांनी. तो कुठून आणशील?"

"मावशी, तू माझी ना?"

"आहे मेल्या, म्हणूनच." त्याच्यादेखत वहीत लिहिलं. आधीचे दोन महिनेही लिहिले. डॉक्टरीणबाईंनी मला झाप झाप झापलं, त्याचं उडणं बंद केलं. तो दार आपटून गेला.

पाच महिने मी सवयीने दोन कप चहा टाकत होते आणि एक मोरीत ओतत होते. रडलेसुद्धा, खोटं कशाला बोलू.

परवा तो आला, डॉक्टरीणबाईंची उडायची परवानगी घेऊन. सूट चढवला तर मांडीवर बसेना.

"दोन बोटं सैल कर," एवढंच बोलला. दोन कसली, पाच करावी लागली. मला इतका आनंद झाला की नाडी दोनदा हातातून सुटली.

"जेवतोस वाटतं!"

"हो. मेसमध्ये, सगळ्यांबरोबर."

"चहा टाकू?"

"नको. मंडळी थांबलीत."

गेला. थोड्या वेळाने डोक्यावर विमान घरघरलं आणि वळलं. ते वळताना मी श्वास धरते, जुनी खोड. सरळ झालं, तेव्हा सोडला. मग उठून चहा टाकला, एक कप.